ताटातला पदार्थ काढण्याआधी जेवणाची वेळ बघा

पत्र :

नमस्कार. मी ४७ वर्षांची, डोंबिवलीला राहते, फोर्टात एका बँकेत नोकरी करते. पहाटे पाचला उठून स्वयंपाक, डबे, मग ७.१०ची गाडी. रात्री घरी यायला सव्वाआठ. आल्यावर पोळ्या-भाजी. मिस्टर साडेसातलाच येतात, मुलगा कॉलेजात आहे. त्या दोघांचं आणि सासूबाईंचं साडेनऊला होतं, मी वाढून-आवरून सव्वादहाला बसते. मग ओटा, लादी, आणि अकराला आडवी. गेली तीन वर्षं मला भयंकर पित्त आहे. रात्री एक-दोनच्या सुमारास छातीत आग होते, घशाशी आंबट-कडू पाणी येतं, सकाळी आवाज बसलेला असतो. सासूबाई म्हणतात, तुझी पित्तप्रकृती, हे खाऊ नको, ते खाऊ नको. एकेक करत मी तुरीची डाळ, वांगं, टोमॅटो, लिंबू, मिरची, लसूण, शेंगदाणे, दही, हरभऱ्याचं सगळं बंद केलं. आता रात्री फक्त दूधभात, तोही पोटभर, कारण दुसरं काहीच नसतं. तरी त्रास तोच. झोपताना गार दूध पिते. फारच झालं तर फेसाळणारा सोडा घेते. केमिस्टने दिलेली पित्ताची गोळी जळजळ सुरू झाली की घेते. दोन वर्षांपासून बीपीची गोळी चालू आहे, गुडघ्यासाठी अधूनमधून पेनकिलर. सहा वर्षांत नऊ किलो वजन वाढलं. संकष्टी आणि गुरुवार करते. आता खाण्यासारखं काही उरलंच नाही. आणखी काय बंद करू ते सांगा. आणि गणपतीत उकडीचे मोदक तरी खाऊ का?

– एक वाचक, डोंबिवली

उत्तर :

ताई, ‘खाण्यासारखं काही उरलंच नाही’ हे तुमचं वाक्य वाचून मला वाईट वाटलं. तीन वर्षं तुम्ही स्वतःच्या ताटातून एकेक वस्तू काढत आलात, आणि ज्यासाठी काढल्यात ते काही मिळालं नाही. म्हणून आधी हेच सांगते, की आणखी काहीही बंद करायचं नाही. उलट काढलेल्यातलं बरंचसं आपण परत आणणार आहोत. बदलायचं आहे ते दुसरंच, आणि ते तुम्ही पत्रात स्वतःच लिहून पाठवलं आहे. सव्वादहाला जेवण आणि अकराला आडवं होणं.

पण आहाराकडे वळण्याआधी एक काम करा. तुमचं वय ४७, बीपी आहे, वजन वाढलं आहे आणि छातीत आग होते. ती आडवं झाल्यावर होते आणि सोबत आंबट पाणी येतं, म्हणजे बहुधा जठरातलीच. तरीही या आठवड्यात तुमच्या डॉक्टरांकडे जाऊन ईसीजी काढून घ्या. स्टेशनचा पूल घाईने चढताना छातीवर दाब येत असेल, दुखणं जबड्यात, पाठीत किंवा हातात जात असेल, दरदरून घाम येत असेल, दम लागत असेल, तर सोडा पिऊन वाट बघायची नाही. लगेच १०८ ला फोन करायचा. बायकांमध्ये हृदयविकाराचा झटका पुष्कळदा मळमळ, थकवा, ‘गॅस धरलाय’ अशा वेषात येतो, आणि घरातली बाई ‘पित्तच असेल’ म्हणत स्वयंपाक उरकत राहते. हे मी कितीदाही लिहायला तयार आहे.

तसंच घास गिळताना अडकत असेल, गिळताना दुखत असेल, प्रयत्न न करता वजन उतरत असेल, वारंवार उलट्या होत असतील, उलटीत रक्त किंवा डांबरासारखी काळी शी होत असेल, तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघालं असेल, तर आहाराचे प्रयोग बाजूला ठेवून पोटविकारतज्ज्ञांना दाखवायचं. यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही. पण पत्र लिहिताना माणूस एखादी गोष्ट विसरतो, म्हणून विचारून ठेवते.

आता ‘पित्त’ या शब्दाबद्दल. आपल्या भाषेत हा शब्द फार कामं करतो. अर्धं डोकं ठणकून उलटी झाली की पित्त. अंगावर लाल गांध्या उठून खाज सुटली की पित्त, त्यावर आमसुलाचं पाणी चोळतात. उलटीतून पिवळं-हिरवं पडलं की पित्त, पित्ताशयात खडे झाले की ‘पित्ताचे खडे’, आणि छातीत जळजळलं तरी पित्तच. वैद्यकाच्या नजरेतून पाहिलं तर ही निरनिराळी दुखणी आहेत. अर्धशिशीचा उपाय गांध्यांना चालत नाही आणि गांध्यांचा जळजळीला चालत नाही. घरात मात्र सगळ्यांना एकच पथ्य मिळतं, कारण नाव एकच. सासूबाई मायेनंच सांगतात, यात मला शंका नाही. पण त्यांच्या यादीत चार वेगवेगळ्या आजारांची पथ्यं एकत्र झाली आहेत आणि ती सगळी तुम्ही एकटीनं पाळली आहेत. वांगं हे त्याचं चांगलं उदाहरण. अंगाला खाज सुटली की आपल्याकडे वांगं बंद करायला सांगतात. छातीतल्या जळजळीशी वांग्याचं म्हणावं असं वैर नाही. वांग्याच्या भरीत-भाजीवर तरंगणाऱ्या तेलाचं आहे.

तुम्हाला जे होतंय त्यात आम्ल जागा सोडून वर येतं. जठरातलं आम्ल लिंबाच्या रसाहूनही तीव्र असतं, आणि ते तसंच असायला हवं. जठराला आतून चिकट थराचं संरक्षण असतं, त्यामुळे त्याला ते सोसतं. अन्ननलिकेला तसा थर नाही. दोघांच्या मध्ये स्नायूंची एक झडप आहे. घास खाली गेला की ती मिटते. पोट तुडुंब भरून ताणलं गेलं की हीच झडप मधूनमधून, आपण काही गिळत नसतानाही, सैल पडते. शिवाय जेवणानंतर झडपेच्या अगदी खाली, अन्नाच्या वरच्या अंगाला, ताज्या आम्लाचा एक थर साचतो. माणूस बसलेला किंवा उभा असेल तर तो खाली राहतो, आणि थोडं वर आलंच तर लाळेबरोबर परत खाली जातं. लाळ आम्लाचा जोर मोडते. पण भरल्या पोटी आडवं झालं की उतार संपतो. झोपेत लाळ कमी सुटते, गिळणं जवळपास थांबतं. एक-दोन वाजता जागं करणारी आग ती ही, आणि सकाळचा बसलेला आवाजही बहुधा तिचाच.

साधं जेवण जठरातून पुढे सरकायला तीनेक तास लागतात. तेलकट-तुपकट असेल तर आणखी जास्त. तुम्ही त्याला पाऊण तास देता. मग ताटात दूधभात असो की मिसळ, अकरा वाजता ते जठरातच असतं. तीन वर्षं पदार्थ बदलूनही फरक का पडला नाही, त्याचं कारण हे.

तेव्हा जेवण आणि अंथरूण यांच्यात तीन तास हवेत. तुम्ही म्हणाल, सव्वाआठला घरी येणाऱ्या बाईला हे सांगायला काय जातं! खरं आहे. ‘रात्रीचं जेवण सात वाजता घ्या’ असं लिहून मोकळं होणं सोपं असतं, पण ७ वाजता तुम्ही घाटकोपरच्या आसपास डब्यात उभ्या असता. म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्या नोकरदार बायकांना जे सांगते तेच तुम्हालाही सांगते. दुसरा डबा न्या. सकाळी पोळ्या करताच आहात, त्यात दोन जास्त लाटा, थोडी भाजी आणि घट्ट वरण किंवा उसळ भरा. संध्याकाळी पावणेसहाला, ऑफिस सोडण्याआधी, जागेवर नीट बसून हे खा. हा चारच्या चहाबरोबरचा खाऊ समजू नका, हेच तुमचं रात्रीचं जेवण. उन्हाळ्यात भाजी टिकेल का अशी शंका असेल तर सुकी भाजी आणि भाकरी न्या, किंवा ऑफिसच्या फ्रिजमध्ये डबा ठेवून गरम करून घ्या. याचा आणखी एक फायदा तुम्हाला पहिल्याच आठवड्यात दिसेल. स्टेशनबाहेरच्या वडापावच्या वासानं पाय थांबणार नाहीत, आणि घरी आल्यावर हात थरथरेपर्यंत भूक लागलेली नसेल.

घरी आल्यावर सगळ्यांबरोबर बसा, साडेआठ-पावणेनऊला. वाटीभर मुगाचं वरण आणि मूठभर भात, किंवा भाज्यांचं पातळ सूप, किंवा अर्धी भाकरी आणि दुधीची भाजी. तेवढंच. अकरापर्यंत दोन-सव्वादोन तास मिळतात, आणि एवढं हलकं अन्न तोवर बरंचसं पुढे गेलेलं असतं.

यासाठी पावणेनऊला सगळ्यांचं जेवण तयार हवं. तुम्ही सव्वाआठला येता. मिस्टर साडेसातला येतात, मुलगा घरी असतो. कुकर लावणं, कणीक भिजवणं, ताटं घेणं ही कामं या दोघांना येत नसतील तर एका रविवारात शिकता येतात. हे मी स्त्री-पुरुष वादासाठी लिहीत नाही, तुमच्या अन्ननलिकेसाठी लिहिते आहे. माझी आई आयुष्यभर सगळ्यांच्या मागून जेवली. पातेल्यात उरलेलं वाया जाऊ नये म्हणून ते स्वतःच्या ताटात घ्यायची आणि तासाभरात भिंतीशी गादी टाकायची. उशाशी बडीशेपेची डबी आणि खाण्याचा सोडा असायचा. तिचं दुखणं आम्ही सगळे ‘आईचं पित्त’ म्हणायचो. तिला वेळेवर ताट वाढून देणं हा त्यावरचा उपाय होता, हे मला हा विषय शिकल्यावर कळलं. तोवर उशीर झाला होता. तुमच्या घरात तो होऊ नये असं मला मनापासून वाटतं. हे पत्र मिस्टरांना आणि मुलाला वाचायला द्या.

जेवणानंतरचा तुमचा कार्यक्रमही बदलायला हवा. भरल्या पोटी ओणवं होऊन लादी पुसणं म्हणजे पाण्याची पिशवी दाबून आडवी धरणं. झाकण कितीही चांगलं असलं तरी पाणी ठिबकणारच. ओणव्याची कामं जेवणाआधी करा किंवा सरळ दुसऱ्याला द्या. जेवल्यावर उभ्यानं ओटा आवरा, गच्चीत किंवा सोसायटीच्या आवारात सावकाश वीस मिनिटं चाला. शतपावलीची आपली जुनी पद्धत चांगलीच आहे. फक्त जेवणाआधी परकराची किंवा सलवारीची नाडी सैल करा. घट्ट नाडीचा करकोचा बऱ्याच जणींच्या कमरेवर कायमचा असतो, आणि पोटावरचा तो दाब थेट झडपेवर जातो. इतकी साधी गोष्ट कुणी सांगत नाही.

झोपण्याबद्दलही थोडं. दोन उशा डोक्याखाली घेऊन उपयोग होत नाही. मान वाकते, पोट दुमडतं, दाब उलट वाढतो. कमरेपासून वरचं सगळं अंग उतारावर हवं. पूर्वी पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवत. सहा ते आठ इंच उंची पुरते. आपल्या फ्लॅटांमध्ये बहुतेक ठिकाणी सामानाचा बॉक्स असलेला पलंग असतो, त्याखाली विटा जात नाहीत. तेव्हा फोमची त्रिकोणी उतरती उशी आणा, गादीवाले मापानुसार कापूनही देतात. आणि डाव्या कुशीवर झोपा. जठराचा आकार असा आहे की डाव्या कुशीवर आम्ल झडपेच्या खालच्या पातळीला राहतं, उजव्या कुशीवर ते झडपेवर येतं. हा उपाय फुकट आहे आणि आज रात्रीपासून करता येतो.

आता ताटाकडे येऊ. पहिले पंधरा दिवस वर सांगितलेल्या वेळा पाळा, खाणं आहे तसं साधं ठेवा, पण झोपतानाचं दूध बंद करा. एवढंच मी तुमच्याकडून काढून घेणार आहे. गार दूध पिताना बरं वाटतं हे खरं, कारण ते घशातलं-नळीतलं आम्ल धुऊन नेतं आणि काही वेळ त्याचा जोर मोडतं. पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात, वर साय असेल तर ते पोटात रेंगाळतं. अकराला प्यायलेलं दूध एकला त्रास द्यायला मदत करतं. दूध हवं तर सकाळी घ्या. रात्रीचा पोटभर दूधभातही याच कारणानं सोडायचा आहे. ‘हलकं आहे’ म्हणून ताटभर खाल्लेला भात पोटाला हलका राहत नाही.

पंधरा दिवसांनी एकेक पदार्थ परत आणायला लागा. एका वेळी एक, दुपारच्या डब्यात, लागोपाठ तीन दिवस. एका वहीत काय खाल्लं, किती, किती वाजता, आणि रात्र कशी गेली, एवढं लिहा. सुरुवात तुरीच्या डाळीपासून करा. तुम्ही डाळ, हरभरे, दाणे, दही सगळं सोडलंत म्हणजे शाकाहारी ताटातली प्रथिनं जवळजवळ संपवलीत. गुडघे दुखतात, थकवा येतो, यात त्याचाही वाटा असू शकतो. तुरीच्या डाळीनं पित्त होतं असं आपल्याकडे सरसकट म्हणतात. माझ्या अनुभवात बऱ्याच जणांना तुरीचं पातळ वरण चालतं. त्रास होतो तो चिंच, गरम मसाला आणि वरच्या फोडणीचा, तोही रात्री. मग दही, आधी पातळ, ताजं, न आंबलेलं ताक करून. मग शिजवलेला लसूण. मग मूठभर दाणे, भाजीत कूट म्हणून. टोमॅटो आणि लिंबू शेवटी आणा. ते जठरातलं आम्ल वाढवतात म्हणून नव्हे. आधीच सोलवटलेल्या नळीवरून आंबट गेलं की चुरचुरतं. नळी बरी झाली की पुष्कळांना दुपारच्या वरणावर लिंबाची फोड चालते. मिरचीचंही तसंच.

काही गोष्टी झडप सैल करतात किंवा आम्लाला चालना देतात, हे ठाऊक असलेलं बरं. तळण आणि जास्त तेल सगळ्यात वरचं. मग चॉकलेट, कॉफी, कडक चहा, मद्य, तंबाखू आणि मिश्री. तुम्ही यातलं काही लिहिलं नाही, पण हे वाचणाऱ्यांत मिश्री लावणाऱ्या असतील. कच्चा कांदा अनेकांना बाधतो. आणि पुदिना! पेपरमिंटच्या गोळ्या, पुदिन्याचे थेंब लोक जळजळीवर औषध म्हणून घेतात. पोटात मुरडा आला तर पुदिन्यानं बरं वाटतं, कारण तो स्नायू सैल करतो. पण तसाच तो झडपही सैल करतो. छातीत जळजळ असेल तर पुदिना टाळा. जिरासोडा, लिंबूसोडा, कोल्ड्रिंक यांतल्या वायूनं पोट फुगतं, ढेकर येतो, त्याला आपण ‘पचलं’ म्हणतो. ढेकराबरोबर आम्लही वर येतं. सोलकढी आपल्याकडे पित्तशामक मानतात. तुम्हाला आवडत असेल तर दुपारी वाटीभर घेऊन बघा, पण आमसुलाचा आंबटपणा आणि नारळाच्या दुधाची चरबी दोन्ही त्यात आहेत, रात्री नको.

चहा सोडा असं मी सांगणार नाही. पहाटे पाचला रिकाम्या पोटी घेत असाल तर तो मात्र सोडा. आधी अर्धी पोळी किंवा मूठभर लाह्या-चुरमुरे खा, मग चहा. दिवसाचे दोन कप, तेही लहान.

ज्वारीची भाकरी, दुधी, दोडका, पडवळ, लाल भोपळा, गाजर, फरसबी, मूग, केळं, पपई, ओट्स चालत असतील तर ते, यांवर तुमचं रोजचं खाणं उभं राहू शकतं. सालासकट, चोथ्यासकट खा. चोथा असलेल्या आहारानं ही जळजळ कमी राहते असं दिसून आलं आहे, आणि तुमच्या दूधभातात नेमका तोच नाही. जेवणानंतर बडीशेप सावकाश चावायला हरकत नाही. चावल्यानं लाळ सुटते, ती कामाची.

उपवासांबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण महिन्यातले पाच दिवस त्यात जातात. संकष्टीला चंद्रोदय बहुतेक वेळा नऊच्या आसपास किंवा त्यानंतर असतो. दिवसभर चहा, साबुदाण्याची खिचडी, दाणे, बटाट्याचा कीस, आणि मग रात्री साडेनऊ-दहाला नैवेद्याचं पूर्ण ताट. जळजळीसाठी याहून वाईट वेळापत्रक आखता येणार नाही. व्रत मोडा असं मी म्हणत नाही, ते तुमच्या श्रद्धेचं आहे. दिवसा वरीचे तांदूळ, ताक, फळं, राजगिऱ्याची भाकरी, लाल भोपळ्याची किंवा काकडीची भाजी असं थोडं थोडं, दर तीन तासांनी खा. खिचडी करायचीच तर एक वाटी, दुपारी, अर्ध्या तेल-तुपात. चंद्रोदयानंतर नैवेद्य दाखवा, दोन-तीन घास वरण-भात आणि एक मोदक घेऊन उपवास सोडा, बाकीचं ताट दुसऱ्या दिवशी दुपारी जेवा. त्या रात्री अर्धा-पाऊण तास उशिरा आडव्या व्हा. गुरुवारी रात्री सोडत असाल तर तो संध्याकाळी पावणेसहाच्या डब्यावर सोडा.

आता औषधं. तुमची गोळी पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल गटातली असणार. या गोळ्या आम्ल तयार करणारे पंप बंद करतात, आणि ते पंप जेवणाच्या वेळी जागे होतात. म्हणून गोळी सकाळी, खाण्याआधी अर्धा ते एक तास, रोज, डॉक्टरांनी ठरवलेल्या मुदतीपर्यंत घ्यायची असते. ही मुदत बहुधा चार ते आठ आठवड्यांची असते. रात्री एकला आग लागल्यावर घेतली तर ती त्या आगीच्या कामाची नाही. तुम्ही तीन वर्षं योग्य औषध चुकीच्या वेळी घेतलंत, असं होण्याची दाट शक्यता आहे. केमिस्टऐवजी डॉक्टरांकडून तिची मुदत ठरवून घ्या. रोज बरेच महिने घेतलेली गोळी एकदम बंद केली तर काही दिवस आम्ल उसळून येतं, आणि माणूस घाबरून पुन्हा गोळीवर जातो. तेव्हा बंद करतानाही त्यांनाच विचारा. फेसाळणारा सोडा बंद. त्यात भरपूर सोडियम असतं आणि तुम्हाला बीपी आहे. अगदीच गरज पडली तर कोणतं अँटासिड चालेल ते डॉक्टरांना विचारा. आणि दोन्ही चालू गोळ्यांची पाकिटं त्यांना दाखवा. बीपीच्या काही गोळ्या, ॲम्लोडिपीनच्या गटातल्या, ही झडप थोडी सैल करू शकतात, आणि पेनकिलर जठराचं अस्तर खरवडतात. बदल करायचा का ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही मनानं बीपीची गोळी बंद करू नका.

वजनाचं मी मुद्दाम मागे ठेवलं, कारण ते ऐकून बायका पुन्हा उपाशी राहायला लागतात. पोटावर वाढलेली चरबी जठराला खालून ढकलत राहते. २००६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या परिचारिकांच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष आले. त्यात वजन वाढलेल्या बायकांमध्ये जळजळ वाढलेली दिसली, अगदी ज्यांचं वजन ‘नॉर्मल’ मर्यादेत होतं त्यांच्यातही. २०२१ मध्ये तशाच दुसऱ्या पाहणीतून पाच गोष्टी पुढे आल्या. वजन आटोक्यात, धूम्रपान नाही, रोज अर्धा तास व्यायाम, चहा-कॉफी-कोल्ड्रिंक मिळून दोन कपांच्या आत, आणि डाळी-भाज्या-फळांचा आहार. पाचही पाळल्या तर जळजळीची सुमारे ३७ टक्के प्रकरणं टळू शकतील असा त्यांचा अंदाज होता. त्या बायका साधारण तुमच्याच वयाच्या होत्या. तुम्हाला नऊच्या नऊ किलो उतरवायची घाई नाही. रात्रीचा भात कमी झाला, डाळी परत आल्या, शतपावली सुरू झाली, की सहा महिन्यांत तीन-चार किलो आपोआप कमी होतील, आणि तेवढ्यानंही पुष्कळांच्या रात्री सुधारतात.

सहा आठवडे हे करून बघा. वेळा पाळून, गोळी योग्य वेळी घेऊनही रात्रीची आग कमी झाली नाही, तर पोटविकारतज्ज्ञ एन्डोस्कोपीचं बघतील. तिला घाबरू नका, काही मिनिटांचं काम असतं. तुमची वही सोबत न्या. तपासणाऱ्याला तिचा फार उपयोग होतो.

राहिले मोदक. जरूर खा. उकडीचा मोदक तळलेला नसतो, तांदळाची उकड, नारळ आणि गूळ, एवढंच त्यात. नारळाची चरबी आहे, म्हणून दुपारच्या जेवणात दोन, गरम, वर चमचाभर तूप, आणि त्या दिवशी भात थोडा कमी. वाढून झाल्यावर शेवटी, गार झालेले, उरले म्हणून पाच नव्हेत. पहिल्या पंगतीला बसा आणि तेव्हाच खा.